मालकिणीचा पहिला हुकूम

मी एका कंपनीची मालकीण आहे, हे मला बुधवारी सकाळी सव्वादहाला कळलं. त्या वेळी मी पेट्री डिशमधल्या जिवाणूंच्या वसाहती मोजत होते. सदतीसपर्यंत आले होते, आणि शेजारच्या टेबलावरची सहकारी दारात येऊन उभी राहिली.

"अगं, बाहेर एक साहेब आलेत. तुलाच भेटायचंय म्हणतात."

"पाण्याचे नमुने तळमजल्यावर घेतात म्हणून सांग."

"त्यांच्याकडे पाणी नाहीये. फाइल आहे."

मी डिश झाकली. आता पहिल्यापासून मोजावं लागणार होतं.

आमची प्रयोगशाळा सरकारी आहे. शहरात विकलं जाणारं बाटलीबंद पाणी, दवाखान्यांतलं पाणी, शाळांच्या टाक्यांतलं पाणी, सगळं तपासायला आमच्याकडे येतं. नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. पाणी कुणाचं आहे हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून ही पद्धत. मी एकोणीस वर्षं आकड्यांशी बोलते आहे आणि आमचं चांगलं जमतं. अहवालाखाली सही करायचा अधिकार आमच्याकडे चौघांनाच आहे. त्यातली एक मी.

साहेब साधारण पन्नाशीचे होते. खिशाला तीन पेनं, त्यातलं एकच चालणारं. ते कंपन्यांची खरी मालकी शोधणाऱ्या खात्यातले तपास अधिकारी होते. कार्यालयातल्या एकुलत्या खुर्चीवर भांडी वाफेनं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचं झाकण ठेवलेलं होतं, म्हणून ते स्टुलावर बसले आणि त्यांनी फाइल मांडीवर उघडली.

"बाटलीबंद पाण्याच्या या कंपनीचे साठ टक्के शेअर्स आपल्या नावावर आहेत. बरोबर?"

"चूक."

"ही सही आपली?"

मी सही पाहिली. माझ्या सहीत शेवटचं अक्षर खाली वळतं आणि त्याखाली मी एक बारीक टिंब देते. टिंब होतं.

"सही माझी आहे," मी म्हणाले, "पण कंपनी माझी नाही."

"असं होतं," ते म्हणाले. त्यांना जराही नवल वाटलं नव्हतं. "या महिन्यातल्या तुम्ही बाराव्या. मागच्या आठवड्यात एका माळ्याला भेटून आलो. त्याच्या नावावर दोन जहाजं आहेत. त्याला पोहता येत नाही."

"मग जहाजं कुणाची?"

"तेच तर. उरलेले चाळीस टक्के यांचे. ओळखता?"

दुसऱ्या कागदावर माझ्या आईचं नाव होतं. ते वाचताक्षणी मला सगळं कळलं आणि मी डोळे मिटले. माझ्या आईला आणि मला एकाच कागदावर आणील असा माणूस जगात एकच आहे. दादा.

अकरा वर्षांपूर्वी दादा एका दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला होता. मी प्रशिक्षणाला परगावी निघाले होते, टॅक्सी खाली उभी होती. "जिथं पेन्सिलीची फुली आहे तिथं सही कर," तो म्हणाला. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, काही नाही गं, नाव लागतं कुणाचं तरी, नंतर काढून टाकू. मी केल्या. शेवटी काही कोरे कागद होते. त्यांवरही केल्या, कारण दादा म्हणाला, उगाच परत परत तुला त्रास नको.

मी रिकाम्या बाटलीवर लेबल लावत नाही. नमुना भरल्याशिवाय वेळ लिहीत नाही. पण दादापुढे माणसाचं शिक्षण कुठं जातं कोण जाणे.

हे सगळं मी अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, लिहिलं काहीच नाही.

"तोंडी झालं. लेखी द्यावं लागेल," ते म्हणाले. "विचारायचा अधिकार कायद्यानं मला दिलाय. उत्तर न द्यायचा तुम्हाला दिलेला नाही. सात दिवस. आणि बाई, कागदावर कोण, हा माझा पहिला प्रश्न असतो. चालतं कुणाचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे."

"पण तुम्ही इथपर्यंत आलात कसे? अकरा वर्षं कुणाला कळलं नाही."

त्यांनी फाइलमधून आणखी दोन कागद काढले आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

डावीकडे दोन वर्षांपूर्वीचा एक तपासणी अहवाल होता. नमुन्यात कोलीफॉर्म जिवाणू आढळले, पाणी पिण्यास अयोग्य. खाली माझी सही. उजवीकडे त्या अहवालाला हरकत घेणारं कंपनीचं पत्र. 'सदर तपासणी करणाऱ्या व्यक्तीच्या कुवतीबद्दल आम्हाला गंभीर शंका आहे. नमुना हाताळताना अक्षम्य निष्काळजीपणा झालेला दिसतो. तपासणी अनुभवी व्यक्तीकडून पुन्हा व्हावी.' त्याखाली, कंपनीची मालकीण म्हणून, माझी सही. टिंबासकट.

"हरकती नोंदवणाऱ्या कारकुनाच्या हे लक्षात आलं," अधिकारी म्हणाले. "तो म्हणाला, साहेब, या बाई स्वतःवरच नाराज आहेत."

सहकारी दारामागे उभी होती. तिचं हसू मला ऐकू आलं.

मला हसू येत नव्हतं. आम्ही चौघं दर जानेवारीत एक घोषणापत्र भरतो. आपण तपासतो त्या धंद्यात आपला कुठलाही हितसंबंध नाही, अशी दोन ओळींची घोषणा. माझ्या अशा अकरा घोषणा खोट्या ठरत होत्या. ज्या बाईनं अकरा वेळा खोटं लिहून दिलं तिच्या सहीचं पाणी कोण पिणार?

आमच्या प्रमुख मॅडमनी दुपारी मला बोलावलं. त्या कमी बोलतात. "खरा मालक दुसरा आहे हे तपासात सिद्ध झालं तर मी तुझ्यासाठी बोलू शकते," त्या म्हणाल्या. "नाही झालं तर तू मालकीण. मग अहवालावर सही करायचा तुझा अधिकार कायमचा जाईल. नोकरी राहील. बाटल्या धुवायला माणसं लागतातच."

*

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. आई त्याच्याकडेच राहते. मी गेले तेव्हा ती खिडकीशी बसून शेंगा सोलत होती आणि दादा फोनवर कुणाला तरी ओरडत होता. मला बघून त्यानं फोन ठेवला.

"या, शास्त्रज्ञबाई! आज कशी काय वाट चुकलीस?"

"दादा, मी पाण्याची कंपनी चालवते?"

त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाला, "चहा घेशील?"

"चहा नको. उत्तर दे."

"अगं, चालवतो मीच. नाव तुझं आहे इतकंच. त्यात काय एवढं? माझी आधीची कंपनी आठवते ना, पायपांची? तिचे वर्षाचे कागद भरायचे राहून गेले, तीन वर्षं. तर या लोकांनी मला बंदी घातली. पाच वर्षं कुठल्याही कंपनीत नाव लावायचं नाही! कागद भरले नाहीत म्हणून! मी काय कुणाचा खून केला होता?"

"पाच वर्षांची बंदी संपून सहा वर्षं झाली."

"हो, म्हणजे, नंतर बदलायचं राहूनच गेलं."

मी कपाळावर हात मारला. माझा भाऊ कागद भरायचे राहिले म्हणून लपला होता, आणि कागद भरायचे राहिले म्हणून लपलेलाच राहिला होता.

"आणि ते पत्र? माझ्या कुवतीबद्दल गंभीर शंका आहे तुला?"

"ते वकिलानं लिहिलं गं, तुझ्या त्या कोऱ्या कागदावर. आम्हाला काय माहीत ती तपासणी तू केली होतीस? अहवाल नुसता चिकटवला होता फाइलला. तुमच्याकडे नावं नसतात ना? मग आम्हाला तरी कुठं असतात!"

"अहवालाखाली माझी सही होती, दादा."

"सही कोण वाचतं?"

आई शेंगा सोलायची थांबली. "कसली सही?" तिनं विचारलं.

"आई, तूसुद्धा मालकीण आहेस. चाळीस टक्के."

"मी?" आईनं दादाकडे पाहिलं. "तो कागद? तू म्हणालास मिक्सरच्या वॉरंटीचा आहे."

"तेव्हा मिक्सरही आणला होता ना, आई."

"तो सहा महिन्यांत बिघडला," आई म्हणाली. "मी वॉरंटी शोधत होते."

दादा माझ्या शेजारी येऊन बसला. आता त्याचा आवाज मऊ झाला. हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. सायकल माझी पण चालवणार तो, असं ठरायचं तेव्हाही हाच आवाज असायचा.

"हे बघ बाळ. तू लिहून दे की हो, मालकीण मीच. घोषणापत्रात लिहायचं अनवधानानं राहिलं. सरकारी नोकरी आहे तुझी, कोण काढतंय? फार तर एक शेरा मारतील. पण माझं नाव आलं ना, तर दवाखान्यांचा पुरवठा गेला. बावीस माणसं आहेत माझ्याकडे. बावीस घरं."

"मला बाटल्या धुवायला बसवतील."

"मग? धुतेसच की आत्ताही. सांगत होतीस ना, दुसऱ्यानं धुतलेली चालत नाही म्हणून?"

मी उठले. दारापर्यंत आले तर आई मागून म्हणाली, "अगं, पण त्याचंच आहे ना ते? मग त्याचं नाव लावा आणि मोकळे व्हा. यात भांडण कसलं?"

साऱ्या प्रकरणात एवढं सरळ वाक्य कुणी बोललं नव्हतं. दादानं ते ऐकलंच नाही.

*

सोमवारी अधिकाऱ्यांनी दादाला त्यांच्या कार्यालयात बोलावलं. मीही हजर असावं असं त्यांचं म्हणणं होतं. तासभर मी भिंतीजवळच्या बाकावर बसून माझ्या भावाची उत्तरं ऐकली.

"आपण या कंपनीत कोण?"

"सल्लागार."

अधिकारी प्रश्न दोनदा वाचतात, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. त्यांनी पुढचा वाचला. "यंत्रं कुणी निवडली?"

"कंपनीनं."

"कंपनीच्या वतीनं कुणी?"

"मालकांनी. माझ्या सल्ल्यानं."

"म्हणजे या बाईंनी?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. "फार हुशार आहे ती."

"बाई, तुमच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या किती लाइन आहेत?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"विसराळू आहे जरा," दादा म्हणाला. "शास्त्रज्ञ लोक, तुम्हाला तर माहीत आहे."

"माणसं कोण नेमतं?"

"कंपनी."

"साहेब," मला राहवलं नाही, "तोच नेमतो. तोच काढतो. तोच..."

"पुरावा?" अधिकारी म्हणाले. माझ्याकडे पुरावा नव्हता. पेन्सिलीच्या फुल्या अकरा वर्षांपूर्वीच खोडल्या गेल्या होत्या. दादानं एकाही कागदावर सही केली नव्हती. आयुष्यात एकच गोष्ट त्यानं इतकी चोख केली होती, आणि ती ही.

अधिकाऱ्यांनी पेन झटकलं. ते चालत नव्हतं, त्यांनी दुसरं काढलं, तेही चालेना. "गेली चौदा वर्षं मी हेच ऐकतोय," ते कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाले. "सगळे सल्लागार. या शहरात कारखाने आपोआप उगवतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचा कारखाना कधी पाहिलाय?"

"नाही."

"मग उद्या चला. कंपनीची जागा बघायचा अधिकार मला आहे. आणि मालकिणीला तर कुणी अडवू शकत नाही."

"मीही येतो," दादा घाईघाईनं म्हणाला. "सल्लागार म्हणून."

*

कारखाना शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत होता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला वही पुढे केली. नाव, वेळ, भेटीचं कारण.

"कारणात काय लिहू?" मी अधिकाऱ्यांना विचारलं.

"मालकीण, असं लिहा."

पहारेकऱ्यानं वही उलटी धरून वाचलं, मग सुलटी धरून वाचलं. "जरा थांबा मॅडम," तो अदबीनं म्हणाला. "मालक आत आहेत. त्यांना विचारून येतो."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली. त्यांनी नवं पेन आणलं होतं.

आत बाटल्या भरायच्या दोन लाइन होत्या. रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून खडखडत यायच्या, धुतल्या जायच्या, भरायच्या, झाकण लागायचं. दादा पुढे पुढे चालत सगळं दाखवत होता. सल्लागाराच्या मानानं तो फार अभिमानानं दाखवत होता. माणसं त्याला बघून ताठ उभी राहत होती. मला वाटलं होतं मला राग येईल, पण जागा खरोखर स्वच्छ होती. फरशी कोरडी होती, माणसांच्या डोक्यावर टोप्या होत्या, आणि दादा पट्ट्यावर तिरकी झालेली एक बाटली बोलता बोलता सरळ करून पुढे गेला. माझ्या भावाला काम येतं. फक्त कागद येत नाहीत.

मग आम्ही दुसऱ्या लाइनच्या अतिनील दिव्यापाशी आलो. पाणी बाटलीत जाण्याआधी या दिव्याखालून जातं. त्याच्या किरणांनी उरलेसुरले जिवाणू मरतात. असे दिवे वर्षभरानंतरही निळे दिसतात, पण त्यांचा जोर संपलेला असतो. म्हणून त्यांना तास मोजणारं मीटर लावतात. या दिव्याच्या डब्यावर छापलं होतं, नऊ हजार तासांनंतर बदलावा. मीटरवर तेरा हजार आठशे बारा तास होते.

मी पुन्हा वाचलं. तेरा हजार आठशे बारा.

"दादा, हा दिवा मेलेला आहे."

"चालू आहे की. निळा दिसतोय ना?"

"निळा दिसणं आणि काम करणं यात फरक आहे."

"मागवलाय गं. येईल पंधरा दिवसांत. पहिल्या लाइनचा नवाच आहे."

"आणि पंधरा दिवस या लाइनचं पाणी कुठं जाणार?"

समोर भरलेल्या बाटल्यांचे खोके रचून ठेवले होते आणि त्यांवर एका दवाखान्याचं नाव लिहिलं होतं.

मी अधिकाऱ्यांकडे वळले. "ही लाइन बंद करायला सांगा."

"पाणी माझ्याकडे येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. "माझ्याकडे फक्त मालकी येते. पाणी तुमच्या खात्याकडे."

"आमच्या खात्याकडे नमुना यावा लागतो. कुणाचा घ्यायचा ते सोडतीनं ठरतं. तोपर्यंत ही लाइन लोकांना हेच पाणी पाजणार!"

"अर्ज करा."

त्या क्षणी मी खरंच हात टेकले. एकाला मालक बघायचा अधिकार, दुसऱ्याला पाणी बघायचा, आणि बाटली दोघांच्या मधून खडखडत दवाखान्याकडे चाललेली. मग मला आठवलं की मालकीण मीच आहे.

यंत्रावर एक जाड मिशांचा माणूस उभा होता. मी त्याच्यापाशी गेले. "ही लाइन बंद करा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून दादाकडे पाहिलं.

"मी या कंपनीची मालकीण आहे. साठ टक्के. लाइन बंद करा."

"हो मॅडम," तो म्हणाला आणि पुन्हा दादाकडे पाहू लागला. हात हलवेना.

दादा हसण्याचा प्रयत्न करत होता. "चालू दे रे तू. मस्करी करतेय."

यंत्राच्या बाजूला लाल बटण असतं, ते कुठल्याही कारखान्यात सारखंच असतं. मी ते दाबलं. पट्टा थांबला. बाटल्या एकमेकींवर आपटल्या आणि सगळीकडे अचानक शांत झालं. मिशीवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली. मिशीवाल्यानं बटण ओढून बाहेर काढलं आणि पट्टा पुन्हा चालू केला.

मी पुन्हा दाबलं.

त्यानं पुन्हा ओढलं. "मॅडम, माझ्या पोटावर कशाला उठता," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

मी तिसऱ्यांदा दाबलं आणि या वेळी बटणावरचा हात काढलाच नाही.

"ए! बाजूला हो!" दादा ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुला कळतं काय त्यातलं? अकरा वर्षं मी रक्त आटवलंय इथं! एकेक नट मी बसवलाय! माझ्या कारखान्यात मला विचारल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही, समजलं? माझ्या कारखान्यात!"

नळातून कुठंतरी थेंब पडत होता.

"परत सांगता?" अधिकारी शांतपणे म्हणाले. "शेवटचं वाक्य. मला लिहून घ्यायचंय."

दादानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं तो आता पुन्हा सल्लागार होईल. पण तो एका खोक्यावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"लिहा," तो म्हणाला. "माझा आहे. लिहा एकदाचं. आणि तू, तो हात काढ तिथून. बंद ठेवतो मी लाइन. दिवा येईपर्यंत बंद." मिशीवाल्याला त्यानं नुसती बोटानं खूण केली, आणि त्या माणसानं मुख्य स्विचच पाडला.

माझा हात सुन्न झाला होता. मी तो बटणावरून काढला.

*

मी निवेदन लिहून दिलं. मी अहवाल लिहिते तसंच लिहिलं. काय पाहिलं, कुठं पाहिलं, किती वाजता, आणि काय माहीत नाही तेही. कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, हे पहिल्याच परिच्छेदात घातलं. अधिकाऱ्यांनी वाचून विचारलं, "हे घालायलाच हवं का? हे तुमच्याच विरुद्ध जातं." मी म्हणाले, हवं.

कंपनीचे शेअर्स आता गोठवलेले आहेत. तपासाचा निकाल येईपर्यंत ते कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर जाऊ शकत नाहीत. दवाखान्यांनी पाणी घेणं थांबवलं. शाळांनी अजून थांबवलेलं नाही. बावीसपैकी सहा माणसं घरी बसली. मिशीवाला त्यांत नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी फोन आला.

"तुझ्या त्या साहेबानं मी मालक आहे याचे पुरावे मागितलेत. सतरा कागद! माझ्याकडे एकही नाही."

"तूच ठेवला नाहीस."

"आता काय करू? तू लिहून दे ना, कंपनी माझ्या भावाची आहे म्हणून."

"दिलंय, दादा. तेच तर दिलंय. त्यावरून तू बोलत नव्हतास."

"मग परत दे! त्यांना दोन प्रती लागतात," असं म्हणून त्यानं फोन आपटला. मी दुसरी प्रत काढली. त्याआधी पूर्ण वाचली.

माझ्या बाबतीतला निर्णय त्याच आठवड्यात झाला. मॅडमनी बोलावून कागद माझ्याकडे सरकवला. हितसंबंध नव्हता, फायदा घेतलेला नाही, तपासण्या निर्दोष. उलट स्वतःच्याच कंपनीचं पाणी नापास केलेलं आहे. इथवर वाचून मला जरा बरं वाटलं. पुढची ओळ होती: कोऱ्या कागदांवर सह्या केल्याबद्दल, अहवालांवर सही करण्याचा अधिकार सहा महिने स्थगित.

"माझ्या जागी तू असतीस तर?" मॅडमनी विचारलं.

"तर वर्ष लिहिलं असतं."

"मलाही वर्षच लिहायचं होतं," त्या वैतागून म्हणाल्या. "सहा महिन्यांच्या वर लिहायचा मला अधिकार नाही. वर पाठवावं लागतं, आणि वर पाठवलं की दोन वर्षं उत्तर येत नाही."

त्यामुळे मी आता मोजते आणि सही शेजारची सहकारी करते. पहिल्याच दिवशी तिनं माझा आकडा बघितला, पेन उघडलं आणि कागद पुढे ओढला.

"थांब," मी म्हणाले. "डिश बघ आधी. मोज."

"तू मोजलंयस ना?"

"हो."

"मग? एकोणीस वर्षांत तुझा एक आकडा चुकलेला नाही."

"तरी मोज."

"एकशे बारा आहेत गं! माझे डोळे जातील!"

मी डिश तिच्यासमोर ठेवली आणि झाकण काढलं. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. मग तिनं चष्मा चढवला, पेन बंद करून बाजूला ठेवलं, आणि एकापासून मोजायला सुरुवात केली.